थोरलीची पाठ, धाकटीचा हुकूम

तिला सगळे थोरली म्हणत. दोन जावांमधली ती मोठी, म्हणून घरात थोरली. आणि दोघी जावा मिळून लॉन्ड्री चालवत असल्यामुळे घरातली हाक दुकानात आणि दुकानातली रस्त्यावर जायला वेळ लागला नाही. तिच्याहून वयानं मोठी गिऱ्हाइकंसुद्धा काउंटरवर कपड्यांचा गठ्ठा ठेवून विचारायची, "थोरली, सकाळी मिळतील ना गं?" त्यावर थोरली हातातली इस्त्री न थांबवता म्हणायची, "तुमची सकाळ की माझी? माझी पहाटेच होते."

कामाला ती वाघीण होती. शर्ट हातात घेतला की आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ, आणि शेवटची घडी घातल्यावर तळहातानं एक हलकी थाप, जणू शर्टाला झोपवतेय. धाकटी पुढचं काउंटर आणि मागची धुण्याची मशीन सांभाळायची. दोघींची तोंडं दिवसभर चालू. थोरलीच्या मते धाकटी गिऱ्हाइकांशी फाजील गोड बोलायची. धाकटीच्या मते थोरली कोणाशीच गोड बोलत नसल्यामुळे दोघींच्या वाटणीचं तिला एकटीलाच बोलावं लागायचं. थोरलीचा नवरा व्हॅन चालवायचा, हॉटेलांच्या चादरी आणायचा, पोचवायचा, आणि या दोघींच्या भांडणात कधी पडायचा नाही. "मध्ये पडलो तर माझीच घडी घालतील," असं तो म्हणे. धाकटीचा नवरा जहाजावर नोकरीला होता, त्यामुळे तो वर्षातले बरेच महिने भांडणाच्या टप्प्याबाहेरच असायचा.

दुखणं आलं ते पाठीतून नाहीच. आधी उजव्या पोटरीत मुंग्या यायला लागल्या. थोरलीनं दोष चपलेला दिला आणि नवी चप्पल घेतली. मग फरशीला दिला आणि टेबलाखाली रबरी चटई अंथरली. मग धाकटीला दिला, कारण पंखा त्या बाजूला तिनं वळवला होता. पुढे पुढे ताठ उभं राहिलं की कंबरेपासून टाचेपर्यंत कळ जायची; टेबलावर वाकलं की जरा बरं वाटायचं. म्हणून ती वाकूनच इस्त्री करू लागली.

"जाऊबाई, डॉक्टरांकडे चला," धाकटी म्हणायची.

"डॉक्टर काय करणार? गोळी देणार. गोळी माझ्या पर्समध्येही आहे."

एका दुपारी दोघी हॉटेलच्या मोठ्या चादरींच्या घड्या घालत होत्या. डबल बेडची चादर एका माणसाला आवरत नाही. दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, एकीनं चालत दुसरीकडे जायचं, टोकाला टोक जुळवायचं आणि पुन्हा मागे यायचं. थोरली चालत आली, टोकं जुळवली, आणि धाकटी मध्येच थांबली.

"तुमची चप्पल कुठंय?"

"पायात. अजून कुठं असणार?"

"नाही. ती तिकडे राहिलीय."

थोरलीनं वळून पाहिलं. उजव्या पायातली चप्पल खोलीच्या मधोमध पडली होती आणि ती तशीच अनवाणी चालून आली होती. पायाला पत्ताच नव्हता. धाकटीनं चादर टेबलावर टाकली, दारावर 'बंद' अशी पाटी लावली आणि आपल्या मोठ्या दिराला फोन केला, "भाऊजी, व्हॅन घेऊन या. चादरी राहू द्या, माणूस न्यायचंय." ऐन दिवसा दुकान बंद झालेलं त्या रस्त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

डॉक्टरांनी पाठीचा फोटो उजेडात धरून सांगितलं ते सरळ होतं. कण्यातली जागा अरुंद झाली होती, चकती सरकून नसेवर बसली होती, आणि जी नस पाऊल वर उचलते तिचाच गळा दाबला जात होता. ऑपरेशन करून जागा मोकळी करायची, दोन मणके स्क्रूंनी एकत्र बांधायचे. उशीर केला तर पाऊल परत कामाला लागेलच असं नाही.

बातमी पसरली आणि सल्ल्यांना ऊत आला. पाठीला सुरी लागली की माणूस उठत नाही, असं प्रत्येकाच्या कोणा ना कोणा लांबच्या नातेवाइकानं सिद्ध करून ठेवलेलं होतं. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, "मी नाही करून घेणार. लंगडत लंगडत इस्त्री करीन, पण उभी तरी राहीन."

तेव्हा धाकटी उठली आणि थोरलीच्या समोर उभी राहिली.

"जाऊबाई, या घरात आल्यापासून मी तुमचं ऐकत आलेय."

"कधी ऐकलंस?"

"बरं, ऐकल्यासारखं केलंय. आता एकदा तुम्ही माझं ऐका. पाय गेला तर तुम्ही खुर्चीत बसून दिवसभर मला शिकवत बसाल. ते मला सहन होणार नाही. त्यापेक्षा ऑपरेशन करा."

थोरलीला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही फुटलं. दुसऱ्या दिवशी ती हो म्हणाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. थोरली शुद्धीवर आली तेव्हा तोंड कोरडं, डोकं जड आणि पाठीत कोणीतरी गरम इस्त्री विसरून गेल्यासारखी आग. पण पायातली ती कळ नव्हती. तिनं परत परत शोधून पाहिली. इतकी वर्षं शेजारी राहणारा कजाग भाडेकरू खोली सोडून गेल्यावर जशी शांतता वाटते, तसं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, हसरी पोरगी आली. ती व्यायाम करून घेणारी होती. "मावशी, उठायचं," म्हणाली.

"आजच? अगं, टाके ओले आहेत."

"टाके त्यांचं काम करतील, आपण आपलं करू. आधी कुशीवर. खांदा आणि कंबर एकदम वळवायची, लाकडाच्या ओंडक्यासारखी. आता पाय खाली सोडा आणि हातानं रेटा."

ओंडका वळला, पाय खाली आले, हातानं रेटलं, आणि थोरली पलंगाच्या कडेला बसली. मग वॉकर धरून उभी राहिली. खोली एकदा गोल फिरून जाग्यावर आली. उजवं पाऊल मात्र जमिनीला चिकटल्यासारखं लोंबत होतं. उचलायला सांगितलं की गुडघा वर यायचा, पाऊल नाही. पोरीनं ते पाहिलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, आणि तिला दारापर्यंत चालवूनच सोडलं. थोरलीनं त्याच दिवशी तिचं नाव 'हवालदारीण' ठेवलं.

घरी आल्यावर कळलं की हवालदारीण परवडली. धाकटी वरच्या मजल्यावरून आपली उशी आणि पांघरूण घेऊन खाली आली आणि थोरलीच्या खोलीतच मुक्काम ठोकला. काही आठवडे तीन गोष्टींना बंदी होती: वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कंबरेतून वळायचं नाही. या तीन 'नाहीं'नी धाकटीच्या हाती राज्यच दिलं. आयुष्यभर जिनं हुकूम ऐकले, तिला हुकूम सोडायची संधी मिळाली आणि तिनं ती वाया जाऊ दिली नाही.

"जाऊबाई, वाकायचं नाही!"

"मी फक्त खाली बघतेय."

"बघण्यात वाकण्याचा विचार दिसतोय."

पायमोजे धाकटी घालायची, कंबरेचा पट्टा धाकटी बांधायची, पाठ धाकटी पुसायची. थोरलीला पहिले काही दिवस मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं स्वयंपाकघरातला लांब चिमटा मिळवला. खाली पडलेला रुमाल, टीव्हीचा रिमोट, दूर गेलेलं चादरीचं टोक, सगळं ती चिमट्यानं उचलू लागली. एकदा तिनं नवऱ्याचा कानही चिमट्यात धरला, कारण हाक मारून तो पेपरातून मान वर काढत नव्हता. नवरा ओरडला, पण आनंदानं ओरडला. ऑपरेशननंतर बायकोनं केलेली ती पहिली खोडी होती.

दिवसातून अनेकदा हवालदारणीनं सांगितलेला व्यायाम चाले. बसून समोर पाय पसरायचा आणि पाऊल आपल्याकडे ओढायचं. थोरली ओठ दाबून ओढायची, कपाळावर घाम यायचा, पण पाऊल ढिम्म. मन सांगायचं, ओढ. पाऊल म्हणायचं, कोण बोलतंय?

एके दिवशी घरातल्या घरात चालताना तेच पाऊल उंबरठ्याला अडकलं. पडली नाही, वॉकरनं सावरलं, पण धसका बसला. त्यानंतर थोरलीनं बाहेर जायला साफ नकार दिला. हवालदारीण म्हणाली होती की रोज रस्त्यावर चालायचं, हळूहळू वाढवायचं. थोरली म्हणे, उद्या. खरं कारण भीती होतीच, पण लाजही होती. त्या रस्त्यावरून ती चालायची तेव्हा लोक बाजूला व्हायचे. आता त्याच रस्त्यावरून चार पायांचा सांगाडा पुढे ढकलत जायचं आणि लोकांनी दयेनं बाजूला व्हायचं, हे तिच्या पचनी पडेना. ती खिडकीकडे पाठ करून पडून राहू लागली. चिमटाही कोपऱ्यात गेला.

याच सुमाराला दुकानाच्या बातम्या घरी यायला लागल्या. इस्त्रीच्या टेबलावर आता धाकटी उभी राहत होती. शेजारची शिंपीण भेटायला आली ती म्हणाली, "एका साहेबांच्या काळ्या पँटीवर अशी चकाकी आलीय, आरशाची गरज नाही." नवरा जेवताना सहज बोलून गेला, की हॉटेलवाला विचारत होता, चादरी घडी करून पाठवता की चुरगळून. थोरलीनं घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओंडक्यासारखी वळली, पट्टा नवऱ्याकडून बांधून घेतला, वॉकर धरला आणि दाराबाहेर पडली. दुकान दुसऱ्या वळणावर होतं. पूर्वी तिला तिथं पोचायला एका जांभईएवढा वेळ लागायचा. त्या दिवशी पहिल्या वळणापर्यंतच तिला तीनदा थांबावं लागलं. नवरा मागून चालत होता, हात पुढे करून, पण न लावता. केस कापणारा दारात आला, म्हणाला, "थोरली! अगं, बस जरा." ती म्हणाली, "बसले तर पँट जळेल." शिंपीण आली, फळवाली आली, कोणी दया वगैरे दाखवली नाही, सगळ्यांना भांडण बघायची घाई होती.

दुकानात शिरल्या शिरल्या थोरलीनं विचारलं, "काळी पँट उलटी करून करायची, हे तुला किती वेळा सांगितलं?"

धाकटीच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. "जाऊबाई! तुम्ही चालत आलात?"

"विषय बदलू नकोस."

"तुम्ही चालत आलात!" धाकटीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि थोरलीला मिठी मारली, पाठीला धक्का लागू नये म्हणून अगदी हळू, काचेचं भांडं उचलावं तशी. थोरलीचा राग निम्मा तिथंच उतरला. संध्याकाळी स्टुलावर बसून घरी जायची वाट बघताना तिला शंका आली.

"खरं सांग. मला बाहेर काढायला मुद्दाम बिघडवलेस ना कपडे?"

धाकटीला हे भलतंच झोंबलं. "मुद्दाम? अहो, जीव ओतून करत होते मी! मला इस्त्री तशीच येते!"

थोरली इतकी हसली की पट्ट्याच्या आत टाके टोचले. त्या दिवसापासून ती रोज दुकानात येऊ लागली. स्टुलावर बसून ती सूचना द्यायची, धाकटी त्यातल्या निम्म्या पाळायची. हळूहळू वॉकर गेला, काठी आली. आणि एका सकाळी बिछान्यात पडल्या पडल्या पाऊल ओढताना चादर हलली. थोरलीला वाटलं, वारा. खिडकी बंद होती. तिनं पुन्हा ओढलं. चादर पुन्हा हलली.

"अगं एऽ!" ती अशी किंचाळली की धाकटी दात घासायचा ब्रश तोंडात घेऊन धावत आली आणि नवरा एका गालावर साबण तसाच ठेवून.

"बघ! बघा!"

पाऊल बोटभर वर आलं आणि थरथरत पडलं. धाकटीच्या तोंडातून फेसासकट हुंदका बाहेर पडला. नवऱ्यानं खाली बसून ते पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्याशीच बोलला, "शाब्बास रे गड्या."

जखम पुरती भरल्यावर डॉक्टरांनी पाण्यातल्या व्यायामाला परवानगी दिली. हवालदारीण म्हणाली, "मावशी, पोहण्याच्या तलावावर यायचं. पोहायचं नाही, पाण्यात चालायचं. अंग हलकं होतं, पायाला जोर येतो. फक्त पहिले काही दिवस सोबत कोणीतरी पाण्यात हवं."

थोरली जन्मात बादलीपलीकडच्या पाण्यात उतरली नव्हती. धाकटीही नाही. पण "मी आहे ना सोबत," असं धाकटी इतक्या वेळा म्हणून बसली होती, की आता माघार घेणं शक्य नव्हतं. दोघींनी पोहण्याचे पोशाख घेतले. कपडे बदलायच्या खोलीत एकमेकींकडे पाहिलं आणि बराच वेळ बाहेरच पडता येईना. बाहेर कोणी ओळखीचं असेल ही भीती नव्हती. हसूच थांबत नव्हतं.

उताराची फरशी होती, कडेला लोखंडी दांडी होती. थोरली काठी ठेवून दांडी धरत हळूहळू उतरली. पाणी गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीशी आलं, आणि एकाएकी तिचं वजन कोणीतरी काढून घेतलं. तिनं उजवा पाय टाकला. पाऊल घासलं नाही. तिनं पुन्हा टाकला. मग दांडी सोडून ती चालतच सुटली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन्ही हात पसरून, आणि इतक्या मोठ्यानं हसली की पलीकडच्या बाजूला पोहणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. "अगं, मी चालतेय! नीट चालतेय!" तिनं मागे वळून सांगितलं, पूर्ण अंगानं वळून, शिकवल्याप्रमाणे.

मागे धाकटी नव्हती. धाकटी अजून उतारावरच होती, पाणी कंबरेला, दोन्ही हातांनी दांडी आवळलेली, चेहरा चुन्यासारखा.

"ये ना!"

"तुम्ही चाला, जाऊबाई. मी इथून लक्ष ठेवतेय."

पुढं सारा मोसम हेच चाललं. थोरली पाण्यात चालायची, नंतर उड्या मारायला लागली, नंतर हवालदारणीनं तिला पाठीवर तरंगायला शिकवलं. धाकटी दांडीला धरून लक्ष ठेवायची. जमिनीवरही फरक पडत गेला. तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं. थोरली उजवीकडे किंचित डगमगली, पण गेली. "अंगठा अजून झोपलेला आहे," तिनं तक्रार केली. डॉक्टर म्हणाले, तो कदाचित तसाच झोपलेला राहील, आणि गठ्ठे उचलणं तर आता विसराच. थोरलीनं मान्य केलं. नवऱ्यानं इस्त्रीच्या टेबलाला पायांखाली ठोकळे लावून ते उंच केलं, एका पायासाठी खाली पाटही ठेवला, म्हणजे आलटून पालटून पायाला आराम. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. पहिला शर्ट तिनं हातात घेतला तेव्हा गिऱ्हाइकं कमी आणि बघे जास्त होते. काळ्या पँटींचं राज्य परत तिच्याकडे आलं आणि रस्त्यानं सुटकेचा श्वास सोडला. सर्वांत मोठा धाकटीनंच.

तलाव मात्र सुटला नाही. सुट्टीच्या दिवशी नवरा दोघींना व्हॅनमधून सोडायचा. थोरलीला पाठीवर तरंगण्याचं वेडच लागलं होतं, आणि त्यात तिला एक शोध लागला होता: कान पाण्याखाली गेले की धाकटीचा आवाज येत नाही. छतावर पाण्यातल्या उजेडाची जाळी हलत असायची, अंगाखाली थंडगार गादी, आणि जगात कुणाचाही हुकूम नाही.

अशीच एकदा ती तरंगत होती. डोळे मिटलेले. कोणीतरी खांद्याला हात लावला. डोळे उघडले तर धाकटी. तलावाच्या मधोमध, गळ्याशी पाणी, हात मोकळे.

थोरली घाईघाईनं पायांवर उभी राहिली. "तू इथं कशी?"

"चालत आले. किती हाका मारल्या तुम्हाला!"

"कशाला?"

"सांगायला, की मी दांडी सोडली म्हणून!" धाकटी म्हणाली. मग तिनं मागे वळून पाहिलं. दांडी पार त्या टोकाला होती. तिच्या चेहऱ्यावरचा विजय हळूहळू विरघळला, आणि पुढच्या क्षणी तिनं थोरलीच्या गळ्यालाच मिठी मारली.

"अगं, पाठ! माझी पाठ! हात धर, गळा सोड!"

"बुडणार नाही ना मी?"

"पाय टेकलेत तुझे, बाई! उभी आहेस तू! चल, एक पाऊल. माझ्याकडे बघ. खाली बघू नकोस."

"खाली कुठं बघतेय?"

"बघायचा विचार दिसतोय."

हवालदारीण काठावर पोट धरून हसत बसली होती. दोघी हातात हात घालून, एक पाऊल टाकत, एक शिवी देत, काठाशी पोचल्या. कोणी कोणाला आणलं यावर कपडे बदलायच्या खोलीत वाद सुरू झाला. ओल्या केसांनी दोघी व्हॅनमध्ये बसल्या तरी तो चालूच होता. भुकेनं दोघी कासावीस झाल्या होत्या, पण माघार कोणी घेईना. नवऱ्यानं आरशातून एकदा दोघींकडे पाहिलं, गाडी सुरू केली, आणि रेडिओचा आवाज जरा मोठा केला.